गावाने निवडलेली बाई : जामखेड, गडचिरोली आणि स्त्रियांच्या आरोग्याचा एक इतिहास

१९७१ साली जामखेड परिसरातील खेड्यांची पाहणी झाली, तेव्हा जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवस पाहण्याआधीच दगावत होती. गरोदरपणात तपासणी झालेल्या स्त्रिया दोनशेत जेमतेम एक. पाच वर्षांनी, १९७६ साली, बालमृत्यूचा आकडा ५२ वर आला होता आणि दर शंभर गरोदर स्त्रियांपैकी ८० जणींची तपासणी होत होती.

या पाच वर्षांत त्या खेड्यांत एकही डॉक्टर राहायला गेला नव्हता. हे काम ज्यांनी केले त्यांतील बहुतेक जणींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी दलित किंवा भूमिहीन कुटुंबांतील होत्या, आणि त्यांना गावाने निवडले होते. हा धागा त्या निवडीविषयी आहे.

प्रथम थोडे मागे जावे लागेल.

स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेचा आपल्याकडील परिचित इतिहास शहरांचा आहे. १८८० च्या दशकात मुंबईत जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी वर्गणी गोळा करून स्त्री डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारला. १८८३ अखेर एडिथ पीची मुंबईत आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन निघाल्या. पुढे रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या. या नावांवर पुरेसे लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे.

परंतु या साऱ्या प्रयत्नांची रचना एकच होती : वरून पैसा, वरून तज्ज्ञ, आणि खाली रुग्ण. खेड्यातली बाई या रचनेत फक्त येणारी किंवा न येणारी एवढीच होती. तिच्या बाळंतपणाला जी खरोखर हजर असे त्या दाईकडे वसाहतकालीन अहवाल बहुधा अज्ञानाचे मूर्त रूप म्हणूनच पाहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांना प्रशिक्षण देण्यासाठी निधी उभा राहिला, तरी दाईने काय शिकावे हे ठरवताना दाईला किंवा बाळंतिणीला कोणी काही विचारल्याचे फारसे दिसत नाही.

वेगळा विचार मांडला गेला तो राष्ट्रीय सभेच्या नियोजन समितीत. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखी यांच्या उपसमितीने दर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्यसेवक असावा अशी शिफारस केली. त्याला प्रथमोपचार, स्वच्छता आणि साधे औषधोपचार शिकवावेत, अशी ती कल्पना होती. १९४६ च्या भोर समितीने गावपातळीवरील आरोग्य समित्यांची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. ‘हजारामागे एक’ ही कल्पना मात्र तीन दशके कागदावरच राहिली.

आता जामखेड.

रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची आणि मेबल यांची भेट झाली, १९६० साली विवाह झाला, आणि काही वर्षे दोघांनी नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेथे त्यांना एक गोष्ट खुपू लागली. बरा करून घरी पाठवलेला रुग्ण त्याच आजाराने पुन्हा येई. हगवण, कुपोषण, अडलेले बाळंतपण यांचे मूळ रुग्णालयाच्या भिंतीबाहेर होते. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली परत येऊन जामखेड निवडले. अवर्षणाचा, ज्वारीचा, हंगामात ऊसतोडीला स्थलांतर करणारा हा भाग.

आरोळे दांपत्याची पहिली योजना फसली, आणि इतिहासाच्या दृष्टीने हा भाग यशाहून अधिक बोलका आहे. प्रशिक्षित परिचारिकांना गावोगावी ठेवायचे, असे त्यांनी ठरवले होते. सरकारी व्यवस्थाही हेच करीत होती. पण बाहेरून आलेली, बहुधा तरुण आणि अविवाहित मुलगी परक्या गावात एकटी कशी राहणार? तिला सुरक्षित वाटत नसे. गावातील सासवांना ती ‘लेकरू न झालेली पोर’ वाटे. बाळंतपण स्वतः न अनुभवलेल्या मुलीने गरोदर सुनेला काय खावे हे सांगणे त्यांना पटत नसे. त्यातून वेगळी सूचना पुढे आली : गावातल्याच एखाद्या बाईला शिकवा.

मग गावांना सांगितले गेले की तुम्हीच एक बाई निवडा. शिक्षणाची अट नव्हती. प्रौढ असावी, लेकुरवाळी असावी, लोकांत मिसळणारी असावी आणि शिकण्याची इच्छा असावी, एवढेच. निवडून आलेल्या स्त्रिया जामखेडला नियमितपणे शिकायला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीला बसणे हा १९७० च्या दशकातील मराठवाड्याच्या सीमेवर साधा प्रकार नव्हता. काहींना सुरुवातीला चारचौघांत स्वतःचे नाव सांगणेही जड जाई. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख त्यांनी आयुष्यभर वापरली होती.

त्या काय शिकल्या? गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचे डोके कोठे आहे हे ओळखणे. पाय सुजणे, डोके दुखणे, अंगावर जाणे या धोक्याच्या खुणा. नाळ विळ्याने किंवा हाताला येईल त्या धारेने न कापता उकळलेल्या पात्याने कापणे. हगवण लागलेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी देणे. चिकाचे दूध फेकून न देता बाळाला पाजणे. आणि सर्वांत अवघड म्हणजे गरोदरपणात पोटभर खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल, हा समज काढणे.

हा शेवटचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. बाहेरच्या डॉक्टरला हा समज निव्वळ अडाणीपणा वाटतो. जेथे अडलेल्या बाईला रुग्णालयात नेण्याची सोय नाही, तेथे मूल लहान असावे ही इच्छा अनुभवातून आलेली असते. जामखेडची पद्धत अशी की गावातील आरोग्यसेविकेने हे ज्ञान दिले आणि त्याच वेळी अडलेल्या बाळंतिणीसाठी जामखेडला रुग्णालय उभे होते. दोन्ही एकत्र असल्यामुळे सांगितलेल्या गोष्टीला वजन आले. गावातील सेविका, ठरलेल्या दिवशी येणारे परिचारिका व सहायकांचे फिरते पथक, आणि गंभीर रुग्णांसाठी रुग्णालय, अशी तीन पायऱ्यांची साखळी होती. यातील एक पायरी काढली असती तर उरलेल्या दोन फार टिकल्या नसत्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. गावकऱ्यांना प्रथम विचारले गेले तेव्हा त्यांनी दवाखाना मागितला नाही. पाणी आणि अन्न मागितले. लगेचच १९७२ चा दुष्काळ आला. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालली, कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी कोठे लागावे यात भूगर्भशास्त्राइतकेच समाजशास्त्र होते : अनेक गावांत कूपनलिकेची जागा दलित वस्तीत निवडण्यात आली. सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. पिण्याच्या पाण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी महाडला सत्याग्रह केला त्याला तेव्हा ४५ वर्षे होत होती. एका आरोग्य प्रकल्पाने त्या प्रश्नाला असा हात घालावा, हे वाचकांनी नोंदवून ठेवावे.

पुरुषांचे काय? त्यांची शेतकरी मंडळे उभी केली गेली. व्हॉलीबॉलच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींचे तरुण एका मैदानावर आले आणि खेळानंतर शेती, पाणी, गुरे, मग हळूहळू घरातील आजारपण, अशी चर्चा सरकत गेली. स्त्रियांची महिला मंडळे काहीशी नंतर आली. हा क्रम आज थोडा खटकतो. पण घरातील बाईला जामखेडला राहायला पाठवायचे की नाही, हे ठरवणारा पुरुष होता. त्याला बाजूला ठेवून काम सुरूच झाले नसते.

प्रतिष्ठा एका दिवसात आली नाही. दलित सेविकेला माजघरात न घेणारी घरे होती. ओसरीवरून बोलणे, तिच्या हातचे पाणी न पिणे हे चालूच होते. बदल झाला तो बहुधा रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतपणात, जेव्हा गावात दुसरे कोणी नव्हते.

अशा सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी पुढे वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भाषण केले. सभागृहातील झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरची तुलना त्याच्याशी केली : सुंदर, पण महाग आणि आवाक्याबाहेरचे. मग स्वतःजवळची साधी पणती दाखवून सांगितले की ही दुसरी पणती पेटवू शकते, झुंबर ते करू शकत नाही. जामखेडवरील लेखनात हा प्रसंग इतक्यांदा येतो की तो आता दंतकथेसारखा वाटतो. त्यातील तर्क मात्र नीट समजून घ्यावा. मुक्ताबाईंचा मुद्दा ज्ञानाच्या मालकीचा होता. ज्याच्याकडून दुसऱ्याला शिकता येते असे ज्ञान गावात राहते.

जामखेडची नोंद जगाने लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवांवर जो ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचे प्रकरण आहे. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, तिच्या पार्श्वभूमीवर जामखेडसारखे थोडेच प्रयोग होते. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याच काळात दिल्लीत एक विलक्षण गोष्ट घडली. जनता सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर समुदाय आरोग्य सेवक योजना सुरू केली. हजारामागे एक सेवक, गावाने निवडलेला, महिना ५० रुपये मानधन. सोखींची कल्पना अखेर प्रत्यक्षात आली. पण निवडले गेलेले सेवक बहुतांशी पुरुष होते. ‘गावाने निवडले’ याचा अर्थ अनेक ठिकाणी सरपंचाने किंवा गावातल्या वजनदार माणसाने निवडले असा झाला, आणि त्यांना ५० रुपयांची ही जागा आपल्या माणसाला देणे सोयीचे वाटले. अडलेल्या बाळंतिणीला किंवा न्हाण आलेल्या मुलीला या सेवकाचा उपयोग किती होणार, हे सांगायला नको. योजनेची नावे बदलत गेली आणि ती विरत गेली. ‘लोकसहभाग’ या शब्दातील लोक म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न जामखेडने सोडवला होता आणि राष्ट्रीय योजनेने सोडून दिला.

आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला.

१९८० च्या दशकाच्या मध्यास डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तोवर स्त्रियांचे आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असे सरकारी समीकरण होते. आणीबाणीतील नसबंदीच्या आठवणी ताज्या होत्या. स्त्री आई होण्याआधी, आई झाल्यावर, किंवा आई न होताही आजारी पडते, याला योजनेत रकाना नव्हता.

वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बंग दांपत्याने गावकऱ्यांच्या संमतीने व सहभागाने पाहणी केली. लक्षणे असोत वा नसोत, विवाहित असोत वा अविवाहित, ६५० स्त्रिया व मुलींची तपासणी झाली. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक रोग होता, आणि सरासरी प्रत्येकीला ३.६. यापूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा वाक्प्रचार आहे. या आकडेवारीने त्याला प्रथमच मोजमाप दिले. पांढरे जाणे, पाळीच्या वेळचे असह्य दुखणे, जंतुसंसर्ग, हे सारे ‘बाईच्या जातीला असायचेच’ म्हणून सोसले जात होते. पुरुष डॉक्टरला सांगायची लाज, सासूला सांगायची भीती आणि सांगून उपयोग नाही ही खात्री. १९९४ च्या कैरो परिषदेत लोकसंख्या नियंत्रणाऐवजी प्रजनन आरोग्य ही भाषा स्वीकारली गेली; तेथवर पोचण्यात अशा अभ्यासांचा वाटा मोठा होता.

गडचिरोलीतही स्त्रियांना विचारल्यावर अनपेक्षित उत्तर आले. जामखेडला पाणी, तर येथे दारू. नवरा पिऊन येतो, मारतो, घरात दाणा उरत नाही, मग आमच्या आरोग्याचे काय विचारता, असा त्यांचा सूर होता. गावोगावच्या स्त्रिया या चळवळीत उतरल्या आणि १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदीच्या अंमलाविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. पण या मागणीची सुरुवात आरोग्याच्या प्रश्नातून झाली होती, हे कागदोपत्री इतिहासात सहसा निसटते.

रुग्णालयाचेही तसेच. आदिवासींना मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची, नातलगांना बाहेर काढणाऱ्या नियमांची भीती वाटते, हे ऐकल्यावर शोधग्राम येथील रुग्णालय झोपड्यांच्या धर्तीवर उभारले गेले, सोबतच्या माणसांना राहता येईल अशी सोय झाली, आणि लोकांच्याच इच्छेने त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले.

१९९५ पासून ‘सर्च’ने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. घरी जाऊन नवजात बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, बाळ गुदमरले तर कृत्रिम श्वास देणे, आणि जंतुदोष झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही त्यांची कामे. इंजेक्शन! वैद्यकीय वर्तुळात यावर मोठी खळखळ झाली. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई द्यायची? मात्र जेथे डॉक्टर नाही तेथे प्रश्न डॉक्टर की आरोग्यदूत असा नव्हताच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ पर्यंत उतरला. शेजारच्या ज्या ४७ गावांशी तुलना केली गेली, तेथे तो जवळपास होता तेथेच राहिला.

दोन्ही प्रयोगांविषयी एक शंका रास्त आहे. असामान्य डॉक्टर दांपत्य नसते तर हे घडले असते का? जामखेडपुरते उत्तर बरेचसे नकारार्थी द्यावे लागेल, निदान आरंभीच्या वर्षांसाठी. पण मेबल आरोळे १९९९ साली आणि रजनीकांत आरोळे २०११ साली गेले, त्यानंतरही प्रकल्प चालू राहिला. तेथे शिकायला येणाऱ्या देशोदेशींच्या डॉक्टरांना शिकवणाऱ्यांत गावातल्या आरोग्यसेविका आहेत. कारभार व्यक्तींपलीकडे गेल्याची ही त्यातल्या त्यात ठळक खूण.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आली आणि या वेळी ती निश्चितपणे स्त्री होती. त्याच गावची रहिवासी, विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता, साधारण २५ ते ४५ वयाची. जामखेड, गडचिरोली आणि छत्तीसगडची मितानीन यांचा ठसा तिच्यावर स्पष्ट आहे. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे गडचिरोलीचे कामही पुढे तिच्याकडेच आले. फरकही आहे. आशेसाठी सर्वसाधारण अट आठवी उत्तीर्णतेची होती. जामखेडच्या पहिल्या तुकडीतील बहुतेक जणी या अटीत बसल्या नसत्या.

मोठा फरक उत्तरदायित्वाचा. जामखेडची सेविका गावाला बांधील होती. आशा कागदावर ग्रामसभेची, प्रत्यक्षात नोंदवह्या, उद्दिष्टे आणि कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्याची. बाळंतिणीला रुग्णालयात नेले तर इतके, लसीकरण झाले तर इतके. आजारी मुलीच्या आईशी तासभर बसून बोलण्याचा दर ठरलेला नाही.

उलट बाजूने गावाला प्रश्न विचारण्याचा अधिकार देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात २००७ साली सुरू झाला : लोकाधारित देखरेख. पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आपल्या आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक भरले. परिचारिका गावात येते का, औषधे मिळतात का, बाळंतपणासाठी पैसे मागितले जातात का. उत्तरांनुसार रकान्यांत हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. मग जनसुनवाई, जेथे अधिकारी समोर बसत आणि बायका उभ्या राहून सांगत. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यपातळीवर समन्वय केला. कामा रुग्णालयाच्या काळात वर्गणीदारांना अहवाल सादर होत असे; येथे प्रथमच रुग्णच अहवाल लिहीत होते.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशा सेविका मानधनवाढीच्या आश्वासनाची अंमलबजावणी व्हावी म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या. शासनाच्या दप्तरी त्यांचे पद तेव्हाही ‘स्वयंसेविका’ असेच होते. कामा रुग्णालय तेथून चालत काही मिनिटांवर आहे.